कौतुक, कदर आणि दाद



आपल्या गटातल्या बायका प्रशिक्षणाला जातात, तेव्हा शेवटच्या दिवशी हातात एक कागद पडतो. जाड, चकचकीत, सोनेरी किनारीचा. त्यावर इंग्रजीत लिहिलेलं असतं, 'सर्टिफिकेट ऑफ अप्रिसिएशन'. घरी आल्यावर मुलं अर्थ विचारतात. मग कुणी सांगतं कौतुक, कुणी शाबासकी, कुणी म्हणतं गुणगौरव. आणि बँकेत किंवा जमिनीच्या व्यवहारात हाच शब्द ऐकलेली एखादी म्हणते, "अहो, प्लॉटचा भाव वाढला की त्यालाही हेच म्हणतात की!"

तिचंही बरोबर आहे. हा इंग्रजी शब्द लॅटिन भाषेतल्या 'प्रेटियम' या शब्दावरून आलाय आणि प्रेटियम म्हणजे किंमत. किमतीसाठीचा 'प्राइस' आणि स्तुतीसाठीचा 'प्रेज' हे दोन्ही इंग्रजी शब्द त्याच मुळाचे. म्हणजे त्या भाषेत स्तुती आणि किंमत या सख्ख्या बहिणी आहेत. आपल्या मराठीत मात्र त्या वेगवेगळ्या घरी नांदतात. कौतुक, शाबास, कदर, मोल, पत, दाद. आज या शब्दांची कुळकथा सांगणार आहे. ती सांगताना बायकांच्या कामाचा इतिहासही सांगावा लागेल, कारण यातला कुठला शब्द आपल्या वाट्याला आला आणि कुठला आला नाही, त्यातच तो इतिहास दडलेला आहे.

पहिला शब्द कौतुक. हा संस्कृतातून आला. तिथे त्याचा अर्थ कुतूहल, नवल, उत्सुकता. लग्नात मनगटावर बांधायच्या मंगल धाग्यालाही संस्कृतात कौतुक म्हणत. ज्ञानेश्वरीच्या काळात, म्हणजे इसवी सन १२९० च्या सुमारास, मराठीत हा शब्द नवल, लीला, खेळ अशा अर्थांनी फिरत होता. आज आपण कौतुक कुणाचं करतो ते आठवून बघा. बाळानं पहिलं पाऊल टाकलं, नव्या सुनेनं पहिल्यांदा पुरणपोळी केली, नातवानं कविता म्हणून दाखवली. कौतुक बहुतेक वेळा मोठ्यानं लहानाचं करायचं असतं. सरपंचाचं कौतुक गावातलं पोर करत नाही, सरपंच पोराचं करतो. आणि कौतुकाला पैसा लागत नाही. म्हणून ते वाईट ठरत नाही. कौतुकाशिवाय पोरं वाढत नाहीत, माणसं उमलत नाहीत. पण सुनेच्या त्या पहिल्या पुरणपोळीचं जे कौतुक होतं, ते विसाव्या वर्षीच्या पुरणपोळीचं होत नाही. नवल संपलं की कौतुक संपतं आणि पोळ्या तर रोज लाटायच्याच असतात.

दुसरा शब्द शाबास. हा फारसी आहे. 'शाद बाश', म्हणजे आनंदी राहा, सुखी राहा. मुळात हा आशीर्वाद. आपण त्याची शाबासकी केली आणि ती पाठीवर नेऊन ठेवली. पाठीवर थाप आपण पोराला देतो, पैलवानाला देतो आणि बैलालाही देतो. पोळ्याच्या दिवशी बैलाची शिंगं रंगतात, अंगावर झूल चढते, पुरणपोळीचा घास मिळतो. दुसऱ्या दिवशी मानेवर जू असतंच. दर आठ मार्चला आमच्याकडे कार्यक्रम होतात. भाषणं होतात, फेटे बांधले जातात. त्या वेळी मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या आक्का हळूच म्हणतात, "झाला गं आपला पोळा." सगळ्या हसतात, पण बोलणं खरं असतं.

आता कदर. हा अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला. अरबीत 'कद्र' म्हणजे माप, प्रमाण, योग्यता. आपल्या मुस्लिम मैत्रिणींना हा शब्द चांगला ठाऊक आहे. रमजानमधल्या शबे कद्र या पवित्र रात्रीच्या नावात तोच आहे. म्हणजे कदर करायची तर आधी मोजायला हवं. कौतुक डोळे झाकूनही होतं. कदर करायला डोळे उघडे लागतात, हातात माप लागतं.

बायकांच्या बाबतीत हे माप मागणारी एक बाई आपल्याच महाराष्ट्रात होऊन गेली. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. त्यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' हे पुस्तक छापलं. तुलना हा शब्द तुला, म्हणजे तराजू, यावरून आलेला. ताराबाईंनी खरोखर तराजूच हातात घेतला. जे दुर्गुण बायकांच्या माथी मारले जातात, ते पुरुषांत नाहीत का, मग न्याय दोघांना वेगळा का, असं त्यांनी रोखठोक विचारलं. बाईला देवी म्हणून डोक्यावर घ्यायचं आणि वागवताना पायाखाली ठेवायचं, हा दुटप्पीपणा त्यांनी उघडा केला. त्या काळी त्यांच्यावर टीकाच जास्त झाली. महात्मा फुल्यांनी मात्र त्यांची बाजू घेतली. कदर केली, असंच म्हणायला हवं.

कामाचं माप घेण्याची दुसरी गोष्ट आपल्या आई-आजींच्या आठवणीतली आहे. १९७२ चा दुष्काळ. वि. स. पागे तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम, ही त्यांची कल्पना. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात विसापूरला १९६५ मध्ये तिचा पहिला प्रयोग झाला होता. दुष्काळात रोजगार हमी योजना राज्यभर गेली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. लाखो बायका रस्त्यांवर, पाझर तलावांवर, बांधांवर कामाला गेल्या. शेतावर बाईची हजेरी कमी आणि गड्याची जास्त, ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. हमीच्या कामावर मजुरी ठरायची ती खोदलेल्या मातीच्या मापावर, आणि दर बाईला-पुरुषाला एकच होता. पाटी उचलणारी बाई आहे की बाप्या, हे माप विचारत नाही. पैसे वेळेवर न मिळणं, मुकादमाची मनमानी, या तक्रारी होत्याच. तरीही आपल्या कामाचं माप पुरुषाच्या कामाच्या शेजारी त्याच पट्टीनं घेतलं जातंय, हे अनेक बायकांनी आयुष्यात पहिल्यांदा तिथेच पाहिलं. समान कामाला समान वेतन देण्याचा देशाचा कायदाही त्याच सुमाराचा, १९७६ चा. तो कायदा झाला तेव्हा जन्मलेल्या मुली आज आजी झाल्या, तरी खुरपणीच्या रोजात बाईचा आकडा अजून मागेच आहे.

इथून मोल हा शब्द सुरू होतो. मोल म्हणजे मूल्य, आणि मूल्य हा शब्द 'मूळ' यावरून आलेला. मूळ म्हणजे भांडवल, आपल्या गटाच्या भाषेत मुद्दल. मोलमजुरी, मोलकरीण, मोलाचा सल्ला हे सगळे त्याच्याच घरचे. मोलकरीण या शब्दाकडे जरा नीट बघा. दुसऱ्याच्या घरी भांडी घासली, धुणं धुतलं, तर त्या कामाचं मोल बाईच्या नावातच येतं. तीच बाई संध्याकाळी स्वतःच्या घरी तीच भांडी घासते, तेव्हा मोल गळून पडतं. मग तिच्या कामाला आपण काय म्हणतो? अनमोल. आईचं काम अनमोल, तिच्या कष्टांची किंमतच होऊ शकत नाही. ऐकायला किती गोड! पण ज्याची किंमत होऊ शकत नाही, त्याची कुणी करायलाही जात नाही. व्यवहारात अनमोल आणि फुकट हे दोन शब्द एकाच खुंटीला टांगलेले असतात.

नव्या गटाचं रजिस्टर भरताना मी 'व्यवसाय' या रकान्यापाशी थांबते आणि समोरच्या ताईला विचारते. दहांतल्या बऱ्याच जणी सांगतात, "काही नाही, घरीच असते." पहाटे पाचला उठलेली, गुरांचं शेण काढून, डबे करून, पाणी भरून आलेली बाई हे सांगते. तिचा दोष नाही. सरकारी कागदही तेच म्हणत होते. २००१ च्या जनगणनेत घरकाम करणाऱ्या बायका 'काम न करणाऱ्यां'च्या गटात होत्या, भिकारी आणि कैदी यांच्या रांगेत. पुढे २०१९ मध्ये केंद्र सरकारनं देशभर एक पाहणी केली, माणसं दिवसाचा वेळ कशात घालवतात याची. घरच्या बिनपगारी कामात असलेल्या बायकांचे दिवसाचे सरासरी २९९ मिनिटं त्यात जातात आणि अशा पुरुषांचे ९७ मिनिटं, असं तिच्यात दिसलं. २९९ मिनिटं म्हणजे जवळजवळ पाच तास. शिवाय अशा कामाला हात लावणारे पुरुष शंभरात साधारण सव्वीसच, बायका मात्र एक्याऐंशी. मुलं आणि आजारी माणसं सांभाळायचा वेळ या पाच तासांत नाही, तो आणखी वेगळा.

मग घरातलं काम घराबाहेर आणून त्याचं मोल वसूल करणाऱ्या बायका पुढे आल्या. १५ मार्च १९५९ ला मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटले. त्यातून लिज्जत पापड उभा राहिला. तिथे लाटणारी प्रत्येक बाई मालकीण, नफ्यात सगळ्यांचा वाटा. गिरणगावात दुसरं चित्र होतं. कोकणातून, घाटावरून एकटे आलेले गिरणी कामगार जेवायचे ते खानावळवाल्या बायकांकडे. पण वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज यातच त्यांची कमाई संपायची. प्रेमा पुरव या मूळच्या गोव्याच्या, गोवामुक्तीच्या लढ्यातून आलेल्या कार्यकर्तीनं १९७५ मध्ये या बायकांचं अन्नपूर्णा महिला मंडळ उभारलं आणि राष्ट्रीयीकृत बँकेकडून त्यांना कर्ज मिळवून दिलं. बँकेनं तारण काय म्हणून विचारावं, तर यांच्याकडे होते हात, चूल आणि एकमेकींची जबाबदारी.

इथे आपल्याला भेटतो पत हा शब्द. पत म्हणजे अब्रू, आणि पत म्हणजे कर्ज मिळण्याची लायकीसुद्धा. मराठीनं दोन्हींना एकच शब्द ठेवला, हे मला फार आवडतं. १९९२ मध्ये नाबार्डनं बचत गट बँकांशी जोडायला सुरुवात केली, तेव्हा हाच विचार पुढे गेला. आपण दर महिन्याला शंभर-दोनशे रुपये टाकतो, वेळेवर हप्ता भरतो, त्यातून आपल्या नावावर पत साठते. ज्या बाईची सही घरात कुणाला लागत नव्हती, तिच्या सहीवर बँक पैसे देते. प्रशिक्षणातल्या प्रमाणपत्रापेक्षा हे पासबुक मला जास्त बोलकं वाटतं.

आता त्या प्लॉटच्या भावाकडे येऊ. भाव म्हणजे मनातली भावना, आणि भाव म्हणजे बाजारातला दरही. जमिनीचा भाव वाढतो तो काही रस्ता आला म्हणून, काही विहीर झाली म्हणून, आणि काही त्या जमिनीत कुणाचं तरी आयुष्य गेलं म्हणून. दगड वेचून बांध घालणारे, तण काढणारे हात बहुतेक बायकांचे. सातबाऱ्यावर मात्र नाव पुरुषाचं. १९८६ च्या नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन झालं. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी पुढे १९८९-९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्ती कार्यक्रम मांडला. सावकाराचं कर्ज माफ करा म्हणणाऱ्या शेतकऱ्यानं आधी आपल्या घरच्या लक्ष्मीचं देणं फेडावं, काही जमीन तिच्या नावावर करावी, असं आवाहन होतं. कायदा नव्हता, सक्ती नव्हती, तरी गावोगाव शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमिनी केल्या. ज्या गावात शंभर कुटुंबांनी असं केलं, ते लक्ष्मीमुक्तीचं गाव.

माहेरची गोष्ट उलटी आहे. १९९४ मध्ये महाराष्ट्रानं आणि २००५ मध्ये केंद्रानं हिंदू वारसा कायदा बदलला, वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क दिला. पण भाऊ गाडी घेऊन येतो, बहिणीला मानानं नेतो, जेवण होतं, साडी-चोळी होते, आणि हक्कसोडपत्रावर सही होते. साडी कितीची आणि जमीन कितीची, हा हिशेब मांडायला बहिणीची जीभ धजत नाही. माहेर तुटेल ही भीती खरी असते, ती मी हसण्यावारी नेणार नाही. सही करायची की नाही, हे जिचं तिनं ठरवावं. फक्त त्या दिवशी भाव या शब्दाचे दोन्ही अर्थ तिला माहीत असावेत, एवढंच माझं म्हणणं.

शेवटचा शब्द माझा सर्वांत लाडका. दाद. हाही फारसी. फारसीत दाद म्हणजे न्याय. मराठीत आपण गाण्याला दाद देतो, वा वा म्हणतो. आणि अन्याय झाला की कोर्टात दाद मागतो, दाद लागली का म्हणून विचारतो. दोन्ही ठिकाणी शब्द एकच. गायिकेनं जीव ओतून घेतलेली तान ऐकून 'वा' म्हणणं हाही एक न्यायच आहे, तिला तिचं देणं देणं आहे. कौतुक देणाऱ्याच्या मर्जीवर असतं. दाद मागता येते.

घरकाम करणाऱ्या बाईला कोर्टात दाद कशी लागली, तेही ऐका. १९८९ मध्ये जमशेदपूरला एका कारखान्याच्या समारंभात आग लागली. मेलेल्यांत अनेक गृहिणी होत्या. भरपाई ठरवायची तर त्यांची कमाई किती धरायची? चौतीस ते एकोणसाठ वर्षांच्या गृहिणींसाठी आधी वर्षाला १२ हजार रुपये धरले गेले. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे फार कमी आहे म्हणून महिन्याला ३ हजार केले. दुसरीकडे मोटार अपघाताच्या कायद्यात, न कमावणाऱ्या बायकोचं उत्पन्न नवऱ्याच्या कमाईच्या एक तृतीयांश धरा, असा ठोकताळा होता. २०१० मध्ये अशाच एका खटल्यात न्यायालयानं जनगणनेतल्या त्या भिकारी-कैद्यांच्या रांगेवर बोट ठेवलं आणि घरकामाचं मोल नीट करा, असं बजावलं. जानेवारी २०२१ च्या आणखी एका निकालात तर त्या २९९ आणि ९७ मिनिटांचा हिशेबच आला. गृहिणीसाठी उत्पन्न धरणं म्हणजे तिच्या कष्टांची आणि त्यागाची ओळख ठेवणं आहे, असा त्या निकालाचा आशय.

वाचताना बरं वाटतं. मग लक्षात येतं की या प्रत्येक खटल्यातली बाई गेलेली आहे. ती गेल्यावर हिशेब मांडला गेला. तिच्या पाच तासांचं मोल काढायला अपघात व्हावा लागला, आग लागावी लागली.

आपल्याला जिवंतपणी हिशेब हवा. त्यासाठी मोर्चा काढायलाच हवा असं नाही, सुरुवात घरातून होते. पुढच्या बैठकीला गटाच्या वहीच्या मागच्या पानावर प्रत्येकीनं एका दिवसाची कामं आणि वेळ लिहून आणा. लिहिता येत नसेल तर मुलाला किंवा नवऱ्याला लिहायला लावा. ते तर अधिक चांगलं, कारण लिहिताना मोजावं लागतं, आणि मोजल्याशिवाय कदर येत नाही. ग्रामपंचायतीत जाऊन घराच्या उताऱ्यावर आपलं नाव आहे का ते बघा. आणि कुणी विचारलं, ताई, तुम्ही काय करता, तर "काही नाही" हे उत्तर आजपासून खोडून टाका. "घर चालवते, शेत करते, गुरं सांभाळते" असं सांगा. जे करता ते नावानिशी सांगा.

कौतुकही होऊ द्या. कुणी पोळी छान झाली म्हटलं तर संकोचू नका, मनापासून हसा. पण ती पोळी कुणी लाटली, किती वेळ लागला, आणि उद्याची कोण लाटणार, हेही त्याच ताटावर बोललं जाऊ द्या.

तुमच्या गावात शाबासकीला, कदरीला आणखी कोणते शब्द आहेत, ते रेडिओ केंद्रावर जरूर कळवा. पुढच्या भागात तेच वाचून दाखवीन. तोवर, शाद बाश मैत्रिणींनो. सुखी राहा.